राष्ट्राध्यक्षपदापूर्वीचा लिंकन

आपल्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे येतात व ती यावीतच. यंदा मात्र संपादकमहाशयांच्या अनुज्ञेने आम्ही एका परदेशीय गृहस्थाची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत. जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्या दास्यमुक्तीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते अब्राहम लिंकन हेच आमचे चरित्रनायक होत.

लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्म आणि राष्ट्राध्यक्षपदावर असताना हौतात्म्य, एवढीच कथा आम्ही आयुष्यभर वर्गात सांगत आलो. मधली पंचवीस वर्षे 'पुढे ते वकील झाले' एवढ्या एका वाक्यात उरकीत असू. सेवानिवृत्तीनंतर निवांतपणे वाचन घडले, तेव्हा खरा बोध त्या पंचवीस वर्षांतच आहे असे आमच्या ध्यानी आले.

1809 साली केंटकीत जन्मलेल्या लिंकन यांचे सारे शालेय शिक्षण एकत्र केले तरी एक वर्ष भरत नाही. आमच्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला यातून धीर येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. 1831 साली ते इलिनॉय राज्यातील न्यू सेलम या लहानशा वस्तीत आले. तेथे भागीदारीत काढलेले दुकान बुडाले व कर्ज अंगावर आले. ते त्यांनी पुढे कित्येक वर्षे फेडून पुरे केले. पोस्टमास्तरकी व जमीनमोजणी यांवर निर्वाह चालला होता. 1832 च्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, परंतु त्यांच्या स्वतःच्या वस्तीतील 300 पैकी 277 मते त्यांना पडली होती. 1834 साली ते राज्य विधिमंडळावर निवडून आले व लागोपाठ चार वेळा निवडले गेले. कायद्याची पुस्तके त्यांनी उसनी आणून वाचली आणि 1836 साली वकिलीची सनद मिळविली.

सँगमन परगण्याचे नऊ प्रतिनिधी सारेच उंचेपुरे असल्याने त्यांना 'लांबलचक नऊ' असे म्हणत. या नऊ जणांनी खटपट करून राज्याची राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणविली. त्याच 1837 साली कालवे व आगगाड्या यांसाठी सुमारे एक कोटी डॉलरच्या योजनेस मंजुरी मिळाली. लिंकन यांनी ती हिरिरीने उचलून धरली होती. पुढे मंदी आली, कामे अर्धवट राहिली आणि राज्य कर्जात बुडाले. थोर पुरुषांच्या चुकाही सांगाव्यात, नाहीतर मुले त्यांना देव्हाऱ्यात बसवितात आणि त्यांच्यापासून शिकत मात्र काही नाहीत.

याच काळातील एका प्रसंगासाठी हा लेख लिहिला आहे. 1837 च्या जानेवारीत गुलामगिरी नष्ट करू पाहणाऱ्या मंडळ्यांचा निषेध करणारा ठराव विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात आला. इलिनॉयमध्ये कायद्याने गुलामगिरी नव्हती, परंतु लोकमत या चळवळीच्या पूर्ण विरुद्ध होते. ठरावाच्या बाजूने 77 मते पडली, विरुद्ध अवघी 6. त्या सहांत सत्तावीस वर्षांचे लिंकन होते. 3 मार्च रोजी त्यांनी डॅन स्टोन या सहकाऱ्यासह लेखी निषेध नोंदविला. गुलामगिरी अन्यायावर व चुकीच्या धोरणावर उभी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तथापि निर्मूलनाच्या प्रचाराने तिचे दुष्परिणाम वाढतात, असेही त्याच कागदात होते. म्हणजे निषेध बेताचाच होता. पण सत्त्याहत्तर हात वर असताना स्वतःचा हात खाली ठेवणे ही काही बेताची गोष्ट नव्हे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, त्याच राज्यातील आल्टन गावी, गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉय यांना जमावाने ठार मारले. यावरून त्या काळची हवा कळावी.

पुढील आयुष्यात हे पाऊल नेहमीच सरळ पडले असे नाही. वर्षातून दोनदा न्यायाधीशांबरोबर गावोगाव फिरून ते खटले चालवीत. महत्त्वाचे कागद आपल्या उंच टोपीत ठेवण्याची त्यांची सवय प्रसिद्धच आहे. 1841 साली नॅन्स नावाच्या कृष्णवर्णीय युवतीच्या विक्रीपोटी लिहून दिलेल्या वचनचिठ्ठीचा दावा त्यांनी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात लढविला. इलिनॉयच्या भूमीवर प्रत्येक मनुष्य स्वतंत्रच मानला पाहिजे, हे तत्त्व मान्य होऊन दावा जिंकला. आणि सहाच वर्षांनी, 1847 साली, मॅटसन नावाच्या केंटकीच्या जमीनदाराकरिता तेच लिंकन उभे राहिले. जेन ब्रायंट नावाची स्त्री व तिची मुले परत आपल्या ताब्यात मिळावीत, अशी त्याची मागणी होती. सुदैवाने लिंकन हा खटला हरले व ते कुटुंब मुक्त झाले. ज्याने 1837 साली अन्यायाला अन्याय म्हटले, त्यानेच दहा वर्षांनी त्याचे वकीलपत्र घेतले! हे वाचून आम्ही काही काळ पुस्तक मिटून ठेविले.

परंतु विचार केल्यावर वाटले की, विवेक हा एकदाच मिळवून पेटीत ठेवण्याचा दागिना नव्हे. तो रोज घासावा लागतो. 1854 साली गुलामगिरीच्या विस्तारास नवा मार्ग मोकळा झाला, तेव्हा हेच लिंकन पुन्हा उभे राहिले. सिनेटच्या निवडणुकीत 1855 व 1858 असे दोनदा अपयश आले, तरी ते हटले नाहीत. 1860 साली राष्ट्राध्यक्षपद मिळाले, त्याची पुण्याई या खडतर वर्षांत आहे.

आता थोडे आपल्या घरातील. तरुणपणी एका गावच्या ज्ञातिसभेत आम्ही बसलो होतो. मुलाने ज्ञातीबाहेर विवाह केला म्हणून एका कुटुंबाला पंक्तीस न बोलाविण्याचा ठराव आला. मनास पटला नव्हता. तरी हात वर केला, आणि इतिवृत्तात 'एकमताने संमत' हे शब्दही आमच्याच अक्षरात लिहिले. त्या घरची म्हातारी पुढे रस्त्यात भेटली, तेव्हा तिने नेहमीप्रमाणे आमच्या मुलाबाळांची चौकशी केली. ठरावाचा शब्दही काढला नाही. ते अजून विसरता येत नाही.

ज्ञातीतील तरुण वकील, शिक्षक व कार्यकर्ते यांना आमचे एवढेच सांगणे आहे: सभेत सत्त्याहत्तर हात वर झाले म्हणजे क्षणभर थांबावे. खाली राहिलेल्या सहा हातांत आपलाही असावा की काय, हे स्वतःस विचारावे. आम्ही ते त्या दिवशी विचारले नाही.