स्वस्त विद्यापीठ कोणाला परवडते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बोईसरच्या वस्तीतली एक मुलगी दोन पत्रे घेऊन माझ्याकडे आली. पालघरच्या महाविद्यालयातून ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आहे. वडील तारापूर एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार. पत्रे होती जर्मनीतल्या दोन लहान गावांच्या विद्यापीठांची. एक क्लाउस्थालचे, दुसरे कोन्स्टान्झचे. "सर, यातलं कुठलं घेऊ?" एवढेच तिने विचारले. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार नव्हते. म्हणून मी आपल्याच इतिहासाची पाने उलटू लागलो.

आधी तिचा हिशेब पाहू. क्लाउस्थाल हे हार्झच्या डोंगरातले खाणींचे जुने गाव. तिथे शिकवणीची फी नाही. दर सहामाहीला थोडीशी वर्गणी भरली की झाले. कोन्स्टान्झ सरोवराकाठी आहे. ते ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते, त्या राज्याने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीला १,५०० युरो फी लावली आहे. खोल्यांची भाडीही तिथे जबर. म्हणजे क्लाउस्थाल स्वस्त, कोन्स्टान्झ महाग. कागदावर निकाल लागला!

पण पुढचा कागद वाचला तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. जर्मनीचा व्हिसा हवा तर वर्षभराच्या पोटापाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. म्हणजे आपले अकरा-बारा लाख रुपये. फी नसलेल्या विद्यापीठाच्या दाराशी हा असा पहारेकरी उभा आहे. बँकेकडे जावे, तर शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की तारण मागतात. आमच्या वस्तीतली घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्या सातबाऱ्यावर आमची नावे नाहीत. तारण काय द्यायचे? बापाचे घामाने भिजलेले हजेरीकार्ड?

तारापूरला परदेश नवा नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला, जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने अणुभट्ट्या दिल्या आणि १९६९ मध्ये देशातले पहिले अणुवीज केंद्र इथे सुरू झाले. परदेशाचे तंत्र किनाऱ्यावरच्या आमच्या खेड्यांपर्यंत आले. पण खेड्यातले पोर त्या तंत्राच्या देशापर्यंत किती वेळा गेले? मालाला वाट मोकळी झाली; माणसाला मात्र तारण मागितले गेले.

हा प्रश्न माझ्याही वाट्याला आला होता, अर्थात फार लहान प्रमाणात. १९८६ साली मी बारावी झालो. घराजवळ एक महाविद्यालय होते. दुसरे होते मुंबईचे सिद्धार्थ. जवळचे स्वस्त, असे सगळे म्हणाले. भारत सरकारची शिष्यवृत्ती होती, फी माफ होती. पण त्या शिष्यवृत्तीत माझे पोट भरले असते, घरचे चार जणांचे नव्हे. मला शिकायचे होते आणि कमवायचेही होते. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. दुपारी नोकरी करता येई. म्हणून लांबचे, दिसायला महाग असलेले महाविद्यालय मला परवडले आणि दाराशी असलेले परवडले नाही. त्या वेळी लोकल विरारलाच संपत असे. पुढे शटल नाहीतर पॅसेंजर. रोज येणे-जाणे शक्य नव्हते, म्हणून मुंबईत खोली शोधली. एका घरमालकाने गाव विचारले, मग आडनाव विचारले आणि मग खोली कालच दिली असल्याचे त्याला आठवले. शेवटी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत मामाच्या खोलीत नववा माणूस म्हणून राहिलो.

तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. महाविद्यालयाची किंमत तीन ठिकाणी भरावी लागते : फीच्या खिडकीवर, खानावळीत आणि उंबरठ्यावर. माहितीपत्रकात पहिलीच छापलेली असते. आपल्या माणसाला सर्वांत जड जाते ती तिसरी.

बाबासाहेबांनी या तिन्ही किमती भरल्या. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात. त्या तुटपुंज्या रकमेतून घरीही पैसे पाठवायचे आणि पुस्तकेही घ्यायची. काटकसर त्यांनी जेवणात केली, विषयांत नाही. लागतील त्याहून कितीतरी अधिक विषयांच्या वर्गांना ते बसले. ज्या न्यूयॉर्कमध्ये वसतिगृहाची खोली सवर्ण-अवर्ण न पाहता मिळाली, तिथून परतलेल्या या पदवीधराला १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. परदेशात उंबरठ्याची किंमत शून्य होती. स्वदेशात ती नोकरीपेक्षा मोठी निघाली.

दुसऱ्या वेळी कोणाचा करार नव्हता. सिडनहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेऊन ते १९२० मध्ये लंडनला गेले. याच काळात त्यांनी बॉन विद्यापीठाकडेही जर्मन भाषेत अर्ज केला होता, तिथे नाव नोंदविले होते. पहिल्या महायुद्धानंतर मार्क कोसळत होता. हातात पौंड असलेल्याला जर्मनीतले लहान गाव स्वस्त पडे. आमच्या मुलीच्या प्रश्नाचा हा जुना अवतारच म्हणायचा. पण लंडनचा प्रबंध पुरा व्हायचा होता, गाठचे पैसे आटत होते. बॉनच्या वर्गांना ते हजर राहू शकले नाहीत आणि त्यांचे नाव पटावरून कमी झाले. लंडनची डी.एस्सी. मात्र १९२३ मध्ये पदरात पडली. स्वस्ताई पाहावी, तिचा उपयोग करावा. पण आपण ज्यासाठी निघालो ते काम तिच्यापायी सोडू नये, असा याचा अर्थ मी लावतो.

आणखी एक नाव या चर्चेत यायलाच हवे. ते म्हणजे डॉ. म. ना. वानखेडे. १९६० नंतरच्या वर्षांत ते अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले. हे विद्यापीठ गेन्सव्हिल या दक्षिणेतल्या लहान गावात आहे. तिथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला १९५८ मध्ये आणि पदवीवर्गाचे दार त्यांना उघडले १९६२ मध्ये. नागरी हक्कांचा कायदा व्हायला १९६४ उजाडावे लागले. वानखेडे तिथून पदवी तर घेऊन आलेच, शिवाय कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन आले आणि ती त्यांनी आपल्या लिहित्या तरुणांच्या हाती दिली. दलित साहित्याच्या विचाराला त्यातून काय बळ मिळाले, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको. हा लाभ कोणत्या क्रमवारीत मोजणार?

आज नेमकी क्रमवारीच निर्णय करते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती जागतिक यादीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांपुरती ठेवली गेली. केंद्राच्या योजनेत ही मर्यादा पहिल्या ५०० ची, आणि जागा साऱ्या देशाला मिळून १२५. शिवाय २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक संशोधन हे विषयच वगळले. नामवंत विद्यापीठात आपली मुले जावीत, याला माझा विरोध नाही, जावीतच. पण यादीबाहेरच्या लहान गावात जिथे कमी पैशांत दोन जण शिकतील, तिथे एकालाही दमडी मिळू नये, हा कुठला न्याय? श्रीमंताचा मुलगा आपले विद्यापीठ स्वतः निवडतो. आमच्या मुलीचे विद्यापीठ यादी निवडते, आणि जातीवर संशोधन करायचे असेल तर विषयही.

बाबासाहेबांनी स्वतः याचे उत्तर दिले होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. औरंगाबाद तेव्हा मागासलेल्या मराठवाड्यातले गाव होते. न्यूयॉर्क-लंडन पाहिलेल्या माणसाने तिथे महाविद्यालय काढले आणि वसतिगृहाची सोय केली. कारण उंबरठ्याची किंमत त्यांना ठाऊक होती. अमेरिकेहून आलेले वानखेडे याच मिलिंदचे प्राचार्य झाले. परदेशातल्या एका लहान गावाचे ज्ञान आपल्या लहान गावात असे उतरले.

मी मुलीला सांगितले, क्लाउस्थाल घे. तिला हवा तो रसायनाचा अभ्यासक्रम तिथे आहे, खोलीही परवडेल. लहान गावात फावल्या वेळेचे काम कमी मिळते, हेही सांगितले. ती म्हणाली, "सर, हिशेब माझाही हाच निघाला होता. पण बंद खात्याचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला आहे. सध्या ती तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रंगाचे नमुने तपासते आणि सकाळी पाच वाजता उठून जर्मन शिकते.

वस्तीत आम्ही बैठक घेतली. जयंतीच्या वर्गणीतून मंडप थोडा लहान करायचा आणि उरलेला पैसा मुलीच्या खात्यात टाकायचा, असे ठरले. काहींनी कुरकूर केली. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारले, "मंडप कुणासाठी बांधता रे? शिकून मोठ्या झालेल्या माणसासाठीच ना?" पुढे कोणी बोलले नाही. रक्कम अजून फार अपुरी आहे. पुढच्या महिन्यात पालघर आणि डहाणूच्या वस्त्यांकडे जायचे आहे.