शाफान चिटणिसाच्या कचेरीत

नाकाला रुमाल लावू नका, परके आहात हे लगेच कळेल. यरुशलेमात वास आधी भेटतो, शहर नंतर. शेळ्या, ओली राख, गोवऱ्यांच्या धगीवर भाजली जाणारी भाकर, आणि उत्तरेच्या मासळी-वेशीकडून येणारा सुक्या माशांचा दर्प. मागून एका गाढवाचं ओझं तुमचा खांदा खरवडून गेलं. मालक ओरडतोय, पण थांबत मात्र नाही. गल्ली एवढी अरुंद की समोरून दुसरं गाढव आलं की एकाला मागे सरावंच लागतं, आणि कुणी सरायचं यावर तिसराच माणूस भांडायला येतो. भिंतीला चिकटून उभे राहा.

खाली गिहोनचा झरा. बायका घागरी घेऊन चढण चढताहेत, त्यांच्या मागून चढा. दारं उघडीच आहेत, डोकवायला हरकत नाही. खाली जनावरं, वर माणसं. पोरं काटक्या आणताहेत, बाप चूल पेटवतोय, आई कणीक मळतेय. पोळ्या बनणार आहेत त्या स्वर्गाच्या राणीसाठी. कोनाड्यात मातीची एक बुटकी बाई, दोन्ही हात छातीशी धरून उभी. अशा मूर्ती इथे घरोघरी. ही आई आणि ही मूर्ती ध्यानात ठेवा.

पुढचं घर मोठ्या माणसाचं. त्याच्याकडे चक्क दगडी बैठकीचा संडास आहे, मधे भोक पाडलेला. मोठेपणाला भुलू नका. असल्या शौचकूपांतल्या मातीत पुढे संशोधकांना जंतांची अंडी सापडली. पाणी पिऊ नका. द्राक्षारस मिळाला तर घ्या. काही दशकांनंतर याच शहरातल्या रांजणांत व्हॅनिला घातलेली दारू होती, हेही संशोधकांनीच शोधलं.

पण तुम्ही इथे खायला-प्यायला आलेला नाही. तुम्हाला एक लेखक पकडायचाय.

मराठी बायबलात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे, मोशेच्या शेवटच्या भाषणांचं. तिथून यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे, अशी एकच लांबलचक कथा यरुशलेम जळेपर्यंत चालते. लिहिणाऱ्याचं नाव कुठेही नाही. १९४३ साली मार्टिन नॉथ या जर्मन अभ्यासकाने सांगितलं की हे एकाच माणसाचं काम, राज्य बुडाल्यानंतर जुनी कागदपत्रं जुळवून केलेलं. तीस वर्षांनी अमेरिकेत फ्रँक मूर क्रॉस म्हणाले, छे, पहिली आवृत्ती यहूदाच्या योशीया राजाच्या काळातली, आशेने भरलेली. दुसरी बाबेलच्या हद्दपारीतली, हताश. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या अभ्यासकांना तीन थर दिसले. वाद अजून मिटलेला नाही. म्हणून तर तुम्हाला योशीयाच्या अठराव्या वर्षात आणून सोडलंय.

चला, टेकडीवर. मंदिराची डागडुजी चालू आहे. सुतार, गवंडी, दगडाची पूड, दातांत कचकच. वेदीवर चरबी जळतेय, तिचा चिकट धूर केसांत बसतो, आणि माशा तर विचारू नका. या गोंधळात मुख्य याजक हिल्कीया एक गुंडाळी घेऊन येतो आणि शाफान चिटणिसाच्या हातात देतो. परमेश्वराच्या घरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला म्हणे.

आता पुढे घुसा! कोपर मारा! ही गुंडाळी किती जुनी, एवढंच बघायचंय. जुनाट कुबट वास येतो की ताज्या डिंकाचा? १८०५ मध्ये डे वेट्टे या तरुण जर्मन विद्वानाने ‘अनुवाद’ हे पुस्तक मोशेचं नाही, फार नंतरचं, असं मांडलं. तेव्हापासून बहुतेक अभ्यासक या गुंडाळीत ‘अनुवाद’चाच गाभा बघतात, आणि तो सापडला त्याच्या फार आधी लिहिलेला नव्हता असं मानतात. सोप्या भाषेत, शाई बऱ्यापैकी ओली होती. पण शाफानने गुंडाळी काखेत मारली आणि तो चाललाही राजवाड्याकडे. राहिलं.

राजा ऐकतो आणि अंगावरची वस्त्रं फाडतो. मग माणसं धावतात हुल्दाकडे. ती संदेष्ट्री, नवरा राजवस्त्रांचा रखवालदार, घर शहराच्या नव्या भागात. मोठमोठे याजक आणि चिटणीस एका बाईच्या दारात माना खाली घालून उभे आहेत, हे दृश्य पोटभर बघून घ्या. ती बजावते की या जागेवर अरिष्ट येणार, पण राजा शांतीने आपल्या कबरेत जाईल. पुढे काय झालं? योशीया मगिद्दोला मिसरच्या राजाकडून मारला गेला. नंतरच्या संपादकाला हे ठाऊक होतं, तरी हुल्दाचं चुकलेलं वाक्य त्याने खोडलं नाही. माझा या पुस्तकांवर विश्वास बसतो तो अशा जागी. बनवाबनवी करणारा ही चूक पहिल्यांदा पुसतो.

मग सगळं शहर मंदिरासमोर गोळा. म्हातारे, पोरं, घामाचा उग्र वास, पाठीवर ऊन. ग्रंथ मोठ्याने वाचला जातोय, कारण बहुतेकांना ऐकणं हाच वाचण्याचा मार्ग. याच पुस्तकात ‘शेमा’ आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्रायलांनी बरेचसे धर्मविधी विसरले तरी जी प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या जपली असं त्यांची परंपरा सांगते, ती हीच. किद्रोनच्या खोऱ्यातून धूर उठतोय, मंदिरातलं बाहेरच्या देवांचं सामान जळतंय. मघाची ती आई गर्दीत दिसली? चेहरा काही पटल्यासारखा नाही. पुढे अशाच बायका यिर्मया संदेष्ट्याला तोंडावर सुनावणार आहेत, की स्वर्गाच्या राणीला पोळ्या वाहणं थांबवलं तेव्हापासूनच आमचे हाल सुरू झाले. इतिहास लिहिणाऱ्यांच्या आणि पोळ्या करणारीच्या मताची गाठ इथे पडत नाही.

पांगापांग झाली की शाफानच्या कचेरीत शिरा. इथे खरी मजा. काजळी आणि डिंक कालवून शाई चाललीय, बोरू तासण्याचा चाकू, शिक्के मारायला ओल्या मातीचे गोळे, तेलाच्या दिव्याचा धूर. लिहिणारे ओठ हलवत, शब्द पुटपुटत लिहितात, त्यामुळे सगळी खोली गुणगुणतेय. यहूदाच्या आणि इस्राएलाच्या राजांच्या बखरीही समोर असाव्यात. ‘राजे’मध्ये त्यांचा हवाला पुन्हा पुन्हा येतो, आज त्यांतलं एक पानही शिल्लक नाही. जुनी गुंडाळी झिजली की नवी उतरवायची, आणि उतरवताना हात थोडा जास्त चालतो. एका पोराच्या खांद्यावरून वाका. तो शलमोनाच्या मंदिराचं वर्णन लिहितोय, आणि म्हणतोय की कराराच्या कोशाचे दांडे आजपर्यंत तिथेच आहेत. आजपर्यंत! मंदिर जळून राख झालेल्या काळातला माणूस हे पहिल्यांदा कसा लिहील? मी क्रॉसच्या बाजूचा आहे, तो मुख्यतः या दांड्यांमुळे.

आता अठरा वर्षं पुढे उडी मारा. अंगावर काही घ्या, थंडी आहे. शाफानचा मुलगा गमऱ्या आता मंदिराच्या आवारात खोली बाळगून आहे. तिथेच यिर्मयाचा लेखनिक बारुख याने त्याची गुंडाळी लोकांना वाचून दाखवली आणि ती पोचली योशीयाचा मुलगा यहोयाकीम राजा याच्या हिवाळी महालात. तुम्ही शेगडीजवळ उभे राहा, तोंड भाजतंय, पाठ गारठलीय. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि निखाऱ्यात टाकतो. जळकट, करपट वास. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू. गमऱ्या विनवतो, ‘नका जाळू.’ राजा ऐकत नाही. बापाने ग्रंथ ऐकून कपडे फाडले, मुलाने ग्रंथच फाडला. ही जोडी जरा जास्तच सुबक बसते, नाही? संपादकाचा हात इथेही असणार. पण पुढचं वाचा. यिर्मयाने सगळं पुन्हा सांगितलं, बारुखाने पुन्हा लिहिलं, आणि त्यात तसल्याच आणखी बऱ्याच गोष्टींची भर पडली. हे विद्वानांनी शोधून काढलेलं नाही, यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात सरळ लिहिलंय.

गमऱ्या खरा होता का? १९८२ मध्ये जुन्या यरुशलेमच्या उत्खननात एका जळक्या घरात मातीचे पन्नासेक शिक्के सापडले. एकावर नाव होतं शाफानचा मुलगा गमऱ्या. बाबेलच्या सैन्याने शहर पेटवलं तेव्हा दस्तऐवज जळाले आणि त्यांच्यावरची माती भाजून पक्की झाली.

शेवटचा मुक्काम बाबेल. कालव्याचं संथ पाणी, खजुराची झाडं, डोक्यात जाणारा उकाडा. कैदेतल्या यहोयाखीन राजाला, म्हणजे यहोयाकीमच्या मुलाला, आणि त्याच्या पाच मुलांना तेल मोजून मिळायचं, त्याची नोंद बाबेली मातीच्या पाट्यांवर आजही वाचता येते. ‘राजे’ संपतं ते त्याच्या सुटकेवर, बाबेलच्या राजाच्या पंगतीत जेवायला बसलेला तो. कुणीतरी म्हाताऱ्या हाताने तेवढ्या ओळी जोडल्या आणि बोरू ठेवला.

तेव्हा लेखक पकडायचा नाद सोडा. नॉथचा एकटा माणूस मला त्या गर्दीत दिसला नाही. दिसलं ते शाफानसारखं घराणं, बाप, मुलगा, नातू, आणि एकाच्या लिहिण्यावर दुसऱ्याचं लिहिणं. घरी पोचलात की बायबल काढा. १ शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात दावीद गल्याथाला मारतो. मग २ शमुवेल २१:१९ बघा. तिथे हिब्रू पाठात गल्याथाला मारणारा एलहानान आहे. दुरुस्ती करावीशी वाटली तर तसदी घेऊ नका. १ इतिहास २०:५ मध्ये एलहानानाने मारला तो गल्याथाचा भाऊ होता असं लिहून कुणीतरी ती कधीच करून टाकलीय.