अणुभट्टी शीतन

अणुभट्टी शीतन : अणुभट्टीच्या गाभ्यात निर्माण होणारी उष्णता सतत बाहेर काढून इंधनाचे तापमान मर्यादेत ठेवण्याची व्यवस्था. उष्णता जितक्या वेगाने निर्माण होते तितक्याच वेगाने ती वाहून नेली गेली, तर भट्टी स्थिर चालते. हा समतोल साधण्याच्या दोन पद्धती पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्रात आढळतात.

उकळत्या पाण्याच्या भट्ट्या : पहिल्या दोन एककांत (1969) साधे पाणी हेच शीतक आणि मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे द्रव्य) असते. ते वातावरणाच्या सुमारे 70 पट दाबाखाली गाभ्यातच उकळते. प्रवाह मंदावला तर बुडबुडे वाढतात, न्यूट्रॉनांचे मंदन घटते आणि शक्ती आपोआप उतरते.

जड पाण्याच्या भट्ट्या : तिसऱ्या व चौथ्या एककांत (2005-06, प्रत्येकी 540 मेगावॉट) 392 आडव्या दाबनलिकांतून जड पाणी फिरते आणि बाष्पजनित्रांत साध्या पाण्याची वाफ करते. मंदायक जड पाणी वेगळ्या पात्रात असते. त्यामुळे नलिकांत बुडबुडे झाल्यास शक्ती घटण्याऐवजी किंचित वाढू शकते. म्हणून शीघ्र स्वयंचलित नियंत्रण आणि भट्टी बंद करण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा ठेवलेल्या आहेत : शोषक दांड्या आणि गॅडोलिनियम नायट्रेटचा द्राव.

दोन्ही प्रकारांत टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ संघनकात थंड होते. एकूण उष्णतेचा सुमारे दोन-तृतीयांश भाग अशा रीतीने अरबी समुद्राच्या पाण्यात जातो.

अवशिष्ट उष्णता : विखंडन थांबले तरी किरणोत्सर्गी द्रव्यांच्या ऱ्हासामुळे उष्णता निघतच राहते. भट्टी बंद होताच ती पूर्ण शक्तीच्या 6 ते 7 टक्के, तासाभराने सुमारे दीड टक्का, तर दिवसानंतर सुमारे अर्धा टक्का असते. वीज गेल्यास जड पाण्याच्या पंपांची जड चाके काही काळ प्रवाह टिकवतात; पुढे गरम व थंड पाण्याच्या घनतेतील फरकाने नैसर्गिक अभिसरण चालते. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा येथील जड पाण्याच्या भट्टीत आगीमुळे वीजपुरवठा पूर्ण खंडित झाला, तेव्हा याच अभिसरणाने गाभा थंड राहिला. बाष्पजनित्रांना डिझेल पंपांनी अग्निशमनाचे पाणी पुरवण्यात आले.

सदृशीकरण : संगणकीय प्रतिरूपात वस्तुमान, ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेची समीकरणे सोडवून पंप बंद पडणे, नळ फुटणे, वीज जाणे अशा प्रसंगांतील तापमान व दाब काढले जातात. नियंत्रणकक्षाच्या प्रतिकृतीत चालकांना त्याच प्रसंगांचा सराव दिला जातो. एखादा भाग निकामी झाल्यावरही अवशिष्ट उष्णता वाहून नेली जाते किंवा नाही, ही रचनेची मुख्य कसोटी होय.