गुपिताची दोरी

शिबारी, म्हणजे संमतीने माणसाला दोरीने बांधण्याची जपानी कला, ही गुरूकडून निवडक शिष्यालाच मिळणारी प्राचीन विद्या आहे, असे अनेकांना वाटते. म्हणून स्त्री-पुरुष, धडधाकट-अपंग, बांधणारे आणि बांधून घेणारे अशा सगळ्यांना एकत्र बसवून ती शिकवली, की परंपरा पातळ झाल्याची ओरड होते. इतिहास या ओरडीला साथ देत नाही. एडो काळात (1603–1868) कैदी पकडणारे अंमलदार होजोजुत्सू नावाचे बांधणीचे शास्त्र शिकत. कैद्याचा दर्जा, पेशा आणि लिंग पाहून बांधणी बदले. कैदी निसटू नये, त्याला इजा होऊ नये, रीत इतरांना कळू नये आणि बांधणी देखणी असावी, असे चार नियम सांगितले जात. तिथे गुप्तता रास्तच होती, कारण रीत कळली की कैदी सुटणार. पण शिबारीत समोरचा माणूस आपणहून आलेला आहे आणि ‘सोड’ म्हणताच त्याला सोडायचे आहे, तर रीत लपवायची कोणापासून?

शिवाय आजची शिबारी होजोजुत्सूमधून सरळ उतरलेली नाही. काबुकी नाटकांतले प्रसंग आणि जुन्या शिक्षा यांनी झपाटलेला चित्रकार इतो सेइउ (1882–1961) याने तिला चित्रांतून रूप दिले. युद्धानंतर 1947 साली निघालेल्या ‘कितान क्लब’सारख्या मासिकांनी तिला वाचक मिळवून दिले. त्यातला एक महत्त्वाचा चित्रकार, सुमा तोशियुकी, किता रेइको या स्त्रीनावाने चित्रे काढत असे. छापील पानांतून घरोघरी गेलेल्या कलेला बंद दाराची परंपरा कशी म्हणायची? हेही मान्य करायला हवे, की त्या पानांवरची बांधलेली स्त्री बहुधा पाहण्यापुरतीच होती. तिला काय जाणवते, हा शिक्षणाचा विषय नव्हता.

खरी उणीव तीच. सर्वांना शिकवले तर अपघात वाढतील, हा आक्षेप गंभीर आहे. दंडातून जाणारी रेडियल नस दोरीखाली दबली तर मनगट लुळे पडते आणि सावरायला कधी कधी महिने लागतात. मात्र मुंग्या येणे, बोटे बधिर होणे ही पहिली खूण बांधलेल्यालाच कळते. ती ओळखायला आणि न संकोचता सांगायला त्याला शिकवले नाही, तर बांधणाऱ्याचे कौशल्य अपुरेच पडते. इजा न होऊ देण्याचा जुना नियम पाळायचा, तर रीत लपवण्याचा जुना नियम मोडावाच लागतो. हवेत टांगण्याची बांधणी जाणत्याच्या नजरेखाली दीर्घकाळ शिकावी, हे मला पूर्ण पटते. पण त्यासाठी लागतो तो सराव; अमुक लिंग किंवा अमुक शरीर लागत नाही. ज्याचे खांदे मागे वळत नाहीत, त्याचे हात पुढे बांधता येतात. चाकांच्या खुर्चीत बसूनही दोरीचा ताण नीट राखता येतो. आणि हे सारे वर्गात उघडपणे बोलले गेले, तरच पुढच्या शिकणाऱ्याला ठाऊक होते.