'सेमक्यू' म्हणजे नेमकं काय?

एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा लावला आणि सव्वा तासाची एक मुलाखत खराब झाली. गोष्ट 2011 सालची. आमच्या तालुक्यातल्या एका वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकांची मुलाखत मी कॅमेऱ्यावर घेतली होती. ते आता नाहीत. फाइल मोठी होती, केबलवाल्याला ती जुन्या पद्धतीची एव्हीआय करून हवी होती. एका तंत्रज्ञ मित्राने एफएफएमपेग नावाचा प्रोग्राम लावून दिला आणि कुठेतरी वाचलेली एक ओळ सांगितली. त्या ओळीत होतं '-सेमक्यू'. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सेम क्वालिटी. जशी आहे तशी राहते."

तशी राहिली नाही. चेहऱ्यावर चौकोन चौकोन उमटले, डोळे म्हणजे नुसते दोन काळे ठिपके. आणि मी शहाण्याने मेमरी कार्ड मोकळं करून दुसऱ्या दिवशी त्यावर नगरपालिकेची सभा चित्रित केली होती.

खूप वर्षांनी कळलं की मित्र खोटं बोलला नव्हता. जगभर हजारो लोकांनी तोच अर्थ लावला होता. 'क्यू' म्हणजे क्वालिटी नव्हतंच, ते होतं क्वांटायझर. या एका अक्षराचा इतिहास सांगायचा म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी एफएफएमपेग काय ते थोडक्यात. फाब्रिस बेलार्द या फ्रेंच प्रोग्रामरने 2000 साली ते सुरू केलं, तेही जेरार लांतो या टोपणनावाने. (हाच माणूस पुढे 2009 च्या शेवटी घरच्या साध्या कॉम्प्युटरवर पायचे 2.7 लाख कोटी अंक काढून मोकळा झाला. काही माणसांना वेळ कुठून मिळतो देव जाणे.) नावातलं 'एफएफ' म्हणजे फास्ट फॉरवर्ड. खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, व्हिडिओ हवा तसा बदलून मिळतो. प्रोग्राम फुकट, आणि बनवणारे बरेचसे स्वयंसेवक. तुमच्या फोनवरचा व्हीएलसी प्लेयर चालतो तो याच्याच आतल्या भागांवर.

आता क्वांटायझर. व्हिडिओ लहान करताना चित्राचे आकडे एका संख्येने भागून पूर्णांकात आणतात. भाजक मोठा असेल तर बारकावे जातात, फाइल लहान होते. बाजारात धान्य मोजताना पन्नास ग्रॅमचं वजन असलं तर नेमकं माप मिळतं, नुसतं किलोचं असलं तर वरचं-खालचं सोडून द्यावं लागतं, तसंच. '-सेमक्यू' सांगायचं की मूळ फाइलमध्ये जो आकडा वापरला होता तोच नव्या फाइलला लाव.

अडचण अशी की आकडा सारखा म्हणजे माप सारखं नव्हे. जुन्या एमपेगमध्ये हा आकडा साधारण 1 ते 31 असतो, एच.264 मध्ये 0 ते 51. एकातला 28 म्हणजे बरं चित्र, दुसऱ्यातला 28 म्हणजे चिखल. आपल्याकडे पायली गावागणिक बदलायची. 'एक पायली ज्वारी' म्हटलं की कुठली पायली ते विचारावं लागायचं. 1956 च्या वजनमाप कायद्यानंतर किलो आला आणि तो गोंधळ संपत गेला. एका गावची पायली दुसऱ्या गावी नेऊन 'पायली तर तेवढीच आहे' म्हणण्यातला प्रकार इथे होत होता.

एफएफएमपेगच्या माहितीपुस्तिकेतही सुरुवातीला 'मूळचीच क्वालिटी' असंच लिहिलेलं होतं, नंतर ते 'मूळचाच क्वांटायझर' असं झालं. पण पुस्तिका वाचतो कोण? लोक एकमेकांच्या ओळी उचलत होते आणि ओळीत फक्त 'क्यू' दिसत होता. मग पुस्तिकेत वैतागून इंग्रजी मोठ्या अक्षरांत भर पडली, की याचा अर्थ सारखी क्वालिटी असा नाही, गरज आहे हे ठाऊक असल्याशिवाय वापरू नका. नावही लांबवून 'सेम क्वांट' केलं. तरी थांबेना. शेवटी जानेवारी 2013 मध्ये 1.1 आवृत्तीत तो पर्यायच काढून टाकला. तो वापरला की प्रोग्राम थांबायचा आणि सांगायचा की दर्जा राखण्यासाठी शोधत असाल तर ते याचं काम कधीच नव्हतं, अमुक दुसरा पर्याय वापरा. खुलासा पुस्तिकेतून उचलून थेट चुकणाऱ्याच्या तोंडासमोर ठेवला. मला हे फार आवडलं. सरकारी फॉर्म भरताना चुकलो तर कुठे असं कुणी सांगतं? 'अर्ज अपूर्ण' एवढा शिक्का मारतात.

याच काळात दुसऱ्या एका शब्दाने याहून मोठा घोळ घातला होता. जानेवारी 2011 मध्ये एफएफएमपेगमधल्या काही जणांनी प्रमुख मायकेल नीडरमायर यांना बाजूला सारून कारभार हाती घेतला. भांडण वाढलं, मार्चमध्ये हा गट 'लिबएव्ही' नावाने वेगळा झाला. हे नावही मुद्दाम पाहा. एफएफएमपेगच्या आतल्या भागांची नावं आधीपासून 'लिबएव्ही'नेच सुरू होत होती. म्हणजे घर एकाचं, पाटी दुसऱ्याची. कोण कुणाबद्दल बोलतंय तेच कळेना.

उबुंटू आणि डेबियन या लिनक्स प्रणालींसाठी हा प्रोग्राम बांधून देणारी मंडळी लिबएव्हीच्या बाजूची होती, त्यामुळे तिथे लिबएव्हीचाच माल गेला. सुरुवातीला त्यातल्या आज्ञेचं नाव जुनंच, 'एफएफएमपेग'. मग त्यांनी आपल्या आज्ञेला 'एव्हीकन्व्ह' हे नाव दिलं, आणि जुनी आज्ञा टाइप केली की संदेश यायचा: हा प्रोग्राम आता कालबाह्य आहे, पुढे काढून टाकला जाईल, एव्हीकन्व्ह वापरा.

'हा प्रोग्राम' म्हणजे कोणता? लिहिणाऱ्याच्या मनात होतं, आमच्या पुडक्यातली ही जुन्या नावाची आज्ञा. वाचणाऱ्याने वाचलं, एफएफएमपेग मेलं. इकडे खरं एफएफएमपेग नीडरमायर आणि इतरांच्या हातून रोज पुढे जात होतं. अक्षरशः खोटं त्या वाक्यात काही नव्हतं, पण लोकांनी पुढे पाठवला तो मृत्यूचा निरोप. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. 'सूत्रांच्या माहितीनुसार' लिहून आम्ही हेच करतो.

उबुंटूच्या 14.04 आवृत्तीत तर एफएफएमपेग नावाची वस्तूच नव्हती. 2015 मध्ये 15.04 ला ते परत आलं. त्याच वर्षी डेबियननेही परत एफएफएमपेगकडे जायचं ठरवलं आणि त्या उन्हाळ्यातच नीडरमायर प्रमुखपदावरून बाजूला झाले. लिबएव्ही हळूहळू थंडावलं. साडेचार वर्षांचं भांडण, त्यातला शब्दांचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण मला तो लहान वाटत नाही.

रोजच्या कामातला घोळ मात्र अजून चालू आहे. आमच्याकडे कार्यकर्ते फोन करतात, "दादा, व्हिडिओ एमपी4 करून द्या." बहुतेक वेळा आत जे हवं ते आधीच असतं, फक्त पेटी वेगळी असते. एमपी4 हा डबा, एच.264 ही भाजी. डबा बदलायला भाजी पुन्हा शिजवावी लागत नाही. पुस्तिकेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: एक 'स्ट्रीमकॉपी', म्हणजे भाजी तशीच दुसऱ्या डब्यात ओतणे, दुसरा 'ट्रान्सकोडिंग', म्हणजे पुन्हा शिजवणे. पहिल्याला काही सेकंद लागतात आणि दर्ज्याचा कणही जात नाही. दुसऱ्याला वेळही लागतो आणि प्रत्येक वेळी थोडं काहीतरी जातंच. आपण दोन्हीला 'कन्व्हर्ट' म्हणतो. ग्रामसभेचं, आंदोलनाचं, पुराचं चित्रण पाच जणांनी पाच वेळा 'कन्व्हर्ट' करून फिरवलं की सहाव्याला खांबावरचा फलकही वाचता येत नाही. मग तेच पुरावा म्हणून दाखल करायला निघतात.

म्हणून ज्यांच्याकडे जुनी चित्रणं आहेत त्यांना विनंती: मूळ फाइल पुसू नका. फक्त डबा बदलायचा असेल तर आज्ञेत '-सी कॉपी' लिहा. जमत नसेल तर पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसवर या, मी करून देतो, पैसे नकोत.

त्या मुलाखतीतला आवाज शाबूत आहे. चेहरा गेला, पण तुरुंगातल्या भाकरीबद्दल ते बोलतात ते स्पष्ट ऐकू येतं. पुढच्या रविवारी फक्त आवाज इथे टाकतो.