राजाला वाचवणारी मादाम

इतिहासात राजे सापडतात, पण त्यांना न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका क्वचित सापडतात. आज आम्ही तुम्हाला अशाच एकीची गोष्ट सांगणार आहोत.

फ्रान्स देशात व्हर्सायच्या राजवाड्यात मादाम द व्हाँतादूर नावाची सरदार घराण्यातली बाई होती. राजघराण्यातली लहान मुलं सांभाळायची जबाबदारी तिच्याकडे होती. तिच्या आधी तिची आईही हेच काम करायची.

१७१२ साली राजवाड्यात गोवर शिरला. फेब्रुवारीत सहा दिवसांच्या अंतराने युवराज्ञी आणि युवराज गेले. मागे दोन मुलगे उरले, एक पाच वर्षांचा आणि एक दोन वर्षांचा. दोघांनाही गोवर निघाला. त्या काळी आजाऱ्याची शीर कापून रक्त काढणं हाच मोठा उपचार समजत. वैद्यांनी थोरल्याचं रक्त काढलं. ८ मार्चला तोही गेला.

तेव्हा मादाम धाकट्याला घेऊन बसली आणि तिने वैद्यांना त्याला हात लावू दिला नाही. तेव्हा ती साठीला आली होती. पोराचं बरंवाईट झालं असतं तर सगळा दोष तिच्याच माथी आला असता. पण पोर जगलं. १७१५ साली पणजोबा वारले आणि पाच वर्षांचा तो मुलगा पंधरावा लुई म्हणून गादीवर आला. तिला तो आईच म्हणायचा.

मुलगा सात वर्षांचा झाला की त्याला पुरुषांच्या हाती सोपवायचं, अशी तिथली रीत होती. १७१७ साली तो दिवस आला, तेव्हा राजा तिला बिलगून रडला. पुढे त्याने आपली मुलंही तिच्याकडेच सांभाळायला दिली. १७४४ साली ती वारली.

यावरून डॉक्टरांचं ऐकू नका, असं मात्र कुणी समजू नका. तेव्हाच्या वैद्यांकडे गोवरावर खरं औषधच नव्हतं. आज आपल्याकडे लस आहे. नऊ महिने पूर्ण झाले की पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. राजाच्या घरीही जे नव्हतं, ते आज आपल्या अंगणवाडीपर्यंत आलं आहे. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना लसीकरणाचं कार्ड बरोबर आणा. कुणाच्या बाळाचा डोस राहिलाय, ते आपण मिळून बघू.