छप्पर चिनी, घर युरोपीय

अठराव्या शतकातील युरोपच्या राजेरजवाड्यांना चीनचे विलक्षण वेड लागले होते. चहा, रेशीम आणि चिनी मातीची निळी-पांढरी भांडी व्यापारी जहाजांतून आधीपासूनच येत होती. परंतु हे वेड दिवाणखान्यातील कपाटापुरते राहिले नाही. ते राजवाड्यांच्या उद्यानांत उतरले आणि तेथे वळणदार छपरांचे मंडप, नक्षीदार पूल व उंच पॅगोडे उभे राहिले. पुढे या शैलीला 'शिन्वाझरी' असे फ्रेंच नाव पडले. कलेच्या इतिहासात तिच्याकडे एक गमतीदार हौस म्हणून पाहिले जाते. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी तिचा निकटचा संबंध आहे, आणि तो मनाला चटका लावणारा आहे.

या हौसेचा एक पहिला नमुना व्हर्सायला उभा राहिला. राजा चौदावा लुई याने १६७० साली आपल्या उद्यानात एक छोटा प्रासाद बांधवून घेतला. चीनमधील नानजिंगच्या चिनी मातीच्या मनोऱ्याची कीर्ती तेव्हा युरोपभर पसरली होती. डच शिष्टमंडळाबरोबर चीनला जाऊन आलेल्या योहान न्यूहॉफ याने १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात त्याचे वर्णन होते. लुईच्या प्रासादालाही 'पोर्सेलीनचे त्रियानों' असे नाव मिळाले. प्रत्यक्षात त्याच्यावर पोर्सेलीन नव्हतेच. झिलई दिलेल्या साध्या मातीच्या फरश्या होत्या. खरे पोर्सेलीन करण्याची विद्या त्या वेळी युरोपला अवगत नव्हती. इमारतीची मांडणी तर संपूर्ण फ्रेंच होती. त्या फरश्या फ्रान्सच्या थंडीत टिकेनात, आणि १६८७ साली तो प्रासाद पाडून टाकण्यात आला.

स्वीडनच्या ड्रॉटनिंगहोम राजवाड्यातील कथा अधिक लोभस आहे. राजा अडॉल्फ फ्रेडरिक याने १७५३ साली राणी लोव्हिसा उलरिका हिच्या वाढदिवसाला एक लाकडी चिनी मंडप भेट दिला. तो स्टॉकहोममध्ये गुपचूप तयार करून जलमार्गाने आणला होता. सात वर्षांच्या युवराजाला चिनी मंडारिनाचा पोशाख चढवून त्याच्या हातून राणीला किल्ल्या देण्यात आल्या. हा मंडप लवकरच जीर्ण झाला, तेव्हा त्याच्या जागी कार्ल फ्रेडरिक अडेलक्रान्त्स या वास्तुशिल्पीने १७६० च्या दशकात पक्का मंडप बांधला. तो आजही उभा आहे.

राणीचा भाऊ म्हणजे प्रशियाचा फ्रेडरिक द ग्रेट. पॉट्सडॅम येथील सां-सूसीच्या उद्यानात त्याने १७५५ ते १७६४ या काळात 'चिनी घर' उभारले. त्याचे खांब सोनेरी ताडवृक्षांच्या आकाराचे आहेत. भोवती चहा पिणाऱ्या आणि वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या सोनेरी मूर्ती आहेत. छपरावर छत्री घेतलेला मंडारिन बसला आहे. जवळ जाऊन पाहिले की लक्षात येते, पोशाख चिनी असला तरी चेहरे मात्र युरोपीय आहेत.

लंडनजवळच्या क्यू उद्यानातील पॅगोडाचे शिल्पकार विल्यम चेंबर्स यांनी मात्र चीनची भूमी स्वतः पाहिली होती. तरुणपणी स्वीडिश व्यापारी कंपनीच्या नोकरीत ते कँटनला जाऊन आले होते. परंतु परदेशी व्यापाऱ्यांना तेथे मोकळेपणाने फिरण्याची मुभा नव्हती. जे पाहता आले त्याची रेखाटने त्यांनी १७५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि १७६२ साली राजमाता ऑगस्टा हिच्यासाठी सुमारे पन्नास मीटर उंचीचा पॅगोडा पूर्ण केला. त्याच्या छपरांच्या कोपऱ्यांवर ऐंशी रंगीत ड्रॅगन बसवले होते. हा पॅगोडा दहा मजल्यांचा आहे. चीनमध्ये मात्र पॅगोडाचे मजले सहसा विषम संख्येत असतात. शिवाय पॅगोडा ही मुळात बौद्धांची पवित्र वास्तू; तिच्यात अवशेष आणि धर्मग्रंथ जतन केले जात. क्यूमध्ये ती भोवतालचा देखावा पाहण्याचा मनोरा झाली.

चिनी उद्यानांची माहिती युरोपला ज्यांच्याकडून मिळाली, त्यांत मिशनऱ्यांचा वाटा फार मोठा होता. इटालियन धर्मगुरू मात्तेओ रिपा यांनी सम्राट कांगशी याच्या आज्ञेवरून त्याच्या उन्हाळी राजवाड्याची छत्तीस दृश्ये तांब्याच्या पत्र्यांवर कोरली, आणि त्यांचे ठसे १७२४ साली लंडनला पोहोचले. त्याहूनही अधिक गाजले ते ब्रदर जाँ-देनी आतिरे यांचे पत्र. दोल या फ्रेंच गावचे हे जेज्वीट चित्रकार बीजिंगच्या दरबारात होते. १७४३ साली त्यांनी युआनमिंगयुआन या बादशाही उद्यानाचे सविस्तर वर्णन पॅरिसला लिहून पाठवले: नागमोडी वाटा, रचलेले खडक, वळणे घेणारे पूल, आणि एकासारखा दुसरा नाही असे असंख्य मंडप. हे पत्र १७४९ साली छापले गेले व १७५२ साली इंग्रजीत आले. फूटपट्टीने आखलेल्या उद्यानांना सरावलेल्या युरोपला त्याने मोहिनी घातली.

त्याच पत्रातील दुसरी बाजू फारशी कोणी मनावर घेतली नाही. आतिरे यांना दिवसभर दरबारी चित्रशाळेत राबावे लागे आणि सम्राटाच्या आवडीप्रमाणे चित्रे काढावी लागत. आपल्या कुंचल्यामुळे सम्राटाचे मन मिशनऱ्यांविषयी अनुकूल राहील एवढी आशा नसती, तर आपण युरोपला परतलो असतो, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. कारण १७२४ पासून चीनमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती.

या बंदीची पाळेमुळे एका वादात आहेत. आद्य मिशनरी मात्तेओ रिच्ची यांनी कन्फ्यूशियसचा सन्मान आणि पूर्वजांना वंदन या चालीरीती प्रामुख्याने सामाजिक मानून चिनी ख्रिस्ती लोकांना त्या पाळू दिल्या होत्या. कांगशीने १६९२ साली ख्रिस्ती उपासनेला राजमान्यता दिली, ती याच समंजसपणाच्या वातावरणात. पुढे अन्य धर्मसंघांनी आक्षेप घेतले. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७१५ साली या चालीरीतींना मनाई केली, आणि पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली ती अधिक कडक करून मिशनऱ्यांवर शपथेचे बंधन घातले. आज्ञा देणाऱ्यांचा हेतू श्रद्धेच्या शुद्धतेचा होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही तारखा एकापुढे एक ठेवल्या की मन थबकते. १७४२ साली चिनी ख्रिस्ती माणसाला आजोबांच्या स्मृतिफलकापुढे परंपरेने मस्तक लववण्याची अखेरची वाट बंद झाली; आणि अकराच वर्षांनी एका ख्रिस्ती राजघराण्यातील बालक मंडारिनाचा पोशाख घालून हौसेने मिरवला. चीनचा अंगरखा चालला. चिनी माणसाचे अंतःकरण मात्र समजून घेता आले नाही.

चीनचा दरबारही याला अपवाद नव्हता. सम्राट छ्येनलोंगने त्याच युआनमिंगयुआनमध्ये ब्रदर ज्युझेप्पे कास्तिल्योने यांच्याकडून युरोपीय धाटणीचे संगमरवरी प्रासाद उभारून घेतले, आणि फादर मिशेल बनुआ यांनी कारंजी रचली. सम्राटाला कारंजी हवी होती; ती रचणाऱ्यांचा धर्म मात्र प्रजेसाठी निषिद्ध राहिला.

या परस्परांच्या मोहाचा शेवट दारुण झाला. १८६० च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्रज व फ्रेंच सैन्याने युआनमिंगयुआन लुटले. वाटाघाटींसाठी गेलेल्या काही लोकांचा चिनी कैदेत छळ होऊन मृत्यू झाला होता. त्याचा सूड म्हणून लॉर्ड एल्जिन याच्या आज्ञेवरून उद्यानाला आग लावण्यात आली. हाच एल्जिन पुढे १८६२ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. लुटीतील वस्तूंनी फ्रान्सच्या फोंतेनब्लो राजवाड्यात सम्राज्ञी युजेनीचे चिनी दालन १८६३ साली सजले. ज्या उद्यानाच्या वर्णनाने युरोप एके काळी भारावला, त्याचीच राख युरोपच्या सैन्याने केली. वस्तूचे आकर्षण माणसाच्या आदरात रुजले नाही, तर प्रसंग येताच त्याचे लुटीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

रोमने १९३९ साली, पोप बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, चिनी चालीरीतींवरील जुनी मनाई बहुतांशी उठवली. मधल्या जवळजवळ दोनशे वर्षांत किती चिनी कुटुंबांना आपला धर्म आणि आपले घर यांपैकी एकाची निवड करावी लागली असेल!

रिच्ची चीनला जाण्यापूर्वी गोव्यात शिकत होते. १५८१ साली त्यांनी तेथून रोमला पत्र लिहून, भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांच्या उच्च शिक्षणापासून दूर ठेवण्याच्या धोरणाचा निषेध केला होता. चीनमध्ये त्यांनी जे केले, त्याचे बीज या पत्रात दिसते. रिच्चींनी चिनी पोशाख घातला, पण त्याआधी ते चिनी भाषा शिकायला बसले, आणि चिनी पंडितांना त्यांनी आपले गुरू व मित्र मानले. आपल्या देवळांत आज समई तेवते, आरती होते, आणि हे योग्यच आहे. ज्यांच्या परंपरेतून ही समई आली त्या शेजाऱ्याचे मनही आपण जाणले पाहिजे. एरवी आपली समई आणि क्यूचा पॅगोडा यांत फरक उरणार नाही.